मैदालकडीची साल

एकोडी, मंगळवार, संध्याकाळ

मायचा पाय मोडला तेव्हा लेपासाठी मी जंगलातल्या मैदालकडीची साल काढली होती. आमच्या जंगलात ते एकच झाड उरलेलं. एका बाजूनं थोडीच काढायची, हे मला ठाऊक होतं. तरी घाईघाईत बुंध्याभोवतीची सगळी सोलली. काहून? मायचं कण्हणं ऐकवत नव्हतं म्हणून?

आज जाऊन पाहिलं. झाड उभ्याउभ्या वाळून गेलंय. तो सोललेला बुंधा डोळ्यांपुढून हलत नाही.

जेवताना माय म्हणाली, "मले त्या झाडाले हात जोडाले घेऊन चाल. त्यानंच मले उभं केलं."

"पाय अजून कच्चा आहे, माय."

तिनं काठी बाजूला ठेवली आणि हसत अंगणभर चालून दाखवलं. मी ताटातून मान वर केली नाही.