चुकलेल्या उत्तराला शाब्बास

केळवे,
१२ ऑगस्ट २०२५

चि. केदार,

आशीर्वाद. नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात उतरल्या. आई बरी आहे. मीही बरी आहे. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र आजच माणसाहाती तुझ्या सरावलीच्या ऑफिसात पाठवते आहे. सगळं वाच.

काल दांड्याहून मेघाली नावाची मुलगी तिच्या आईला घेऊन दारात आली. बारावीला आहे, तुझ्या ऑनलाइन क्लासात. म्हणाली, "मॅडम, माज्यावर रागावल्या काय? रोज प्रश्न लिवते, तुमी बगतच नाय. परवा मुद्दाम चुकीचं उत्तर टाकलं, तरी तुमी शाब्बास बोलल्या!"

अरे, मी गेल्या गणपतीपासून क्लासच घेतलेला नाही! 'ताई, तू आराम कर, मी दुसरे सर बघतो,' असं कोण म्हणालं होतं? आणि माझे गेल्या वर्षीचे तास 'लाइव्ह' म्हणून लावतोस? लाज कशी वाटली नाही?

तुला जीव तोडून सांगितलं होतं. मूल समोर नसतं, म्हणून दर थोड्या वेळाने थांबायचं, विचारायचं, उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं. चुकलं तर का चुकलं, ते त्याच्याच तोंडून काढायचं. माझं ते गप्प बसणंसुद्धा तू विकलंस. मेघाली आता सायन्स सोडायला निघाली आहे. मॅडम आपल्याला विचारत नाहीत, म्हणजे आपल्याला डोकंच नाही, असं तिने धरून ठेवलंय.

एवढ्यावरच राग आला असता, तर फोनवर शिव्या घालून मोकळी झाले असते.

तिची आई नलू. तिने पिशवीतून खण, नारळ, तांदूळ काढले. पापलेटाच्या कालवणाचा डबाही होता. म्हणाली, "बाय, सातवा लागला ना? पोरगी सांगते, मॅडम शिकवता शिकवता मदीच बसतात. पदर पुडं कर, ओटी भरते."

त्या तासांत मी मुलांना हसत सांगितलं होतं, आता आम्ही दोघं शिकवतोय. तू तेही कापलं नाहीस.

मी पदर पुढे केला नाही. नलू माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि समजली. खण पिशवीत ठेवून तिने मला पोटाशी धरलं. बाळ गेल्यावर तू हॉस्पिटलात आलास, तेव्हा बिलाचं बोलून गेलास.

उद्या संध्याकाळचा तास मी घेणार. पासवर्ड पाठव. आधी मुलांना सांगेन की आजवर त्यांना फसवलं. मग मेघालीचे सगळे प्रश्न घेईन. आणि बाळ गेलं, हेही सांगेन. हे वाक्य मी अजून घरातसुद्धा उच्चारलेलं नाही. पहिल्यांदा म्हणेन, तेव्हा तू ऐकायला हवास. कॅमेरा सुरू ठेवून बस.

'तुझी ताई' असं लिहायला आज हात धजत नाही.

हेमांगी