वहीत न लिहिलेलं फूल

प्रिय ठकू,

तुझ्या पुस्तकाची छापण्याआधीची पानं पोचली. बाबांनी मोठ्याने वाचून दाखवली. तुझी ओंजळी खुशाल आहे, स्वयंपाकघराच्या खिडकीतच. रानातून आणलेलं हे झाड माझ्यावर सोपवताना तू बजावलं होतंस, 'आई, तुझ्या देवाला काहीही वाहिलेलं चालो, मला चालणार नाही.' 'हिचं एक पानही तोडायचं नाही.'

खरं सांगू, सुरुवातीला मला तिच्याकडे बघवत नव्हतं. जीव खाणारं झाड, आणि तेही देव्हाऱ्यासमोर! माशी पानातल्या गोड थेंबावर बसली, की माझं अकरा वेळा नाम घेऊन होईपर्यंत पान मिटलेलं. पाचव्या दिवशी उघडतं तेव्हा आत नुसते पंख. पण एक पान भरलं की बाकीची पानं आपापला थेंब आटवतात, हे दिसलं आणि आमचं जमलं. पोटापुरतं खायचं, हाव नाही. बाबांना हे सांगितलं की ते पेपरात तोंड खुपसतात. बुंध्याशी राहणाऱ्या मुंग्यांनाही ती शिवत नाही. त्या पानं खाणाऱ्या अळ्या येऊ देत नाहीत ना! हे सगळं मी हिशेबाच्या वहीत मागच्या बाजूला तारीखवार लिहीत गेले. तू त्यावर पुस्तक उभं केलंस, याचं मला फार अप्रूप.

गेल्या वर्षी तिची सगळी पानं एकदम मिटली. वहीत 'नऊ दिवस उपाशी' एवढंच आहे. तू त्यावरून लिहिलंस, की ही अधूनमधून विश्रांती घेते आणि हिला फूल येत नाही. ते वाक्य ऐकलं आणि मी बाबांना तिथेच थांबवलं.

फूल आलं होतं गं. उंच दांड्यावर, पांढरं. मला वाटलं, झाड आजारी आहे. म्हणून खुडून देवाला वाहिलं, म्हटलं, हिला बरी कर. दुसऱ्या दिवशी पानं उघडली! देव पावला म्हणून मी हरखले आणि तू रागावशील म्हणून लिहिलं नाही. यंदा पुन्हा पानं मिटलीत. दोन कळ्या आल्या. काल एक उमलली, तर मधमाशी आली, मिटल्या पानावर निवांत टेकली, फुलात शिरली आणि धडधाकट उडून गेली. तेव्हा उजेड पडला. ज्याच्याकडून काम घ्यायचं, त्याला खायचं नाही, म्हणून तो उपास; गेल्या वर्षी मी फूल खुडलं, तसा तो सुटला. छपाई थांबव. वही खोटी नाही, अपुरी आहे, आणि ती मीच अपुरी ठेवली. दुसरी कळी अजून मिटलेली आहे. ती उमलायच्या आत ये. आज देवापुढे मी रिकामेच हात जोडलेत.

तुझीच, फूल खुडणारी
आई