सोड्याने लिहिलेला कागद

मु. सौंदड, ३ मार्च २००६

ती. अंजनाताईस,

तुझ्या रत्नपालचा सविनय जय भीम. आमगावात सारे मजेत असाल. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का? (नसेल तर बिडीलाच विचार.) इकडे मी ठीक आहे. म्हणजे तसा नाही, म्हणूनच लिहून राहिलो.

शाळेत मी पोरांना रसायनाचे खेळ दाखवतो, हे तुला माहीतच आहे. मंगळवारी विज्ञान दिनाला जादूच्या कागदाचा खेळ होता. धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवायचा, काडीला कापूस गुंडाळून त्या पाण्याने लिहायचं. वाळलं की कागद कोरा. वरून हळदीचं पाणी फिरवलं की अक्षरं लाल उमटतात. आदल्या दुपारी मी 'स्वच्छता राखा' असं लिहून कागद वाळत घातला. खिडकीतून तलाव दिसत होता, बगळे एका पायावर उभे, वारा अगदी मंद. माझे तर दोन्ही पाय जमिनीवर नव्हते. काडी हातात होती, सोडा उरला होता. दुसरा कागद घेतला आणि लिहिलं, 'अल्काबाई, तुमच्यासोबत इटियाडोह धरणाच्या पाळीवर बसून जन्मभर पाणी पाहावंसं वाटते.' (अल्काबाई आमच्या शाळेत गणित शिकवतात. तीन वर्षांत मी त्यांच्याशी खडूशिवाय दुसरं काही बोललो नाही.) द्यायचा नव्हताच गं! कोरा दिसतो, म्हणून तर हिंमत झाली.

पण वाळल्यावर दोन्ही कागद सारखेच कोरे! कोणता कोणता, ते मलाच समजलं नाही. अंदाजाने एक उचलला. आणि हळद फिरवायला पाहुणे कोण, तर शाळा समितीचे अध्यक्ष उदारामजी, खुद्द अल्काबाईंचे वडील. उमटेल ते अक्षर मोठ्याने वाचायचं, ही सवय पोरांना मीच लावलेली. साठ पोरं एका सुरात वाचून राहिली, 'अल्काबाई, तुमच्यासोबत...' माझ्या डोळ्यांपुढे खरंच इटियाडोह आला, पण बुडायसाठी.

उदारामजींनी कुंचला ठेवला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मास्तर, पानी पाहाले जन्म कायले पाहिजे? एक पावसाळा पुरते." मी घाईघाईने लिंबू पिळलं, अक्षरं परत पिवळ्यात विरली. प्रयोगाचा दुसरा भाग समजून पोरांनी टाळ्या वाजवल्या. अल्काबाई मात्र भिंतीवरच्या पाढ्यांकडे पाहत होत्या. ताई, त्या नाही म्हणाल्या तर मी बदली मागतो.

तुझी फार आठवण येते. रविवारी सहज चक्कर टाक.

तुझा लहाना,
रत्नपाल

ता. क. सहज नको. भाऊजींना घेऊन, चांगलं लुगडं नेसून ये. उदारामजींच्या घरी जायचं आहे.

आणखी ता. क. आता खरं सांगतो. काल अल्काबाईंनी हजेरीपटात घालून एक कोरा कागद पाठवला. हळद फिरवली. 'बाबा घरी दिवसभर हसत होते. बोलायला तुमच्या ताईंना पाठवा. तुम्ही तोंड उघडू नका.' खाली चार बोटं जागा अजून कोरीच आहे. तिथे काही लिहिलं आहे का, ते एकट्याने पाहायची हिंमत नाही. येताना घरची हळद आण.