एकदाच ओढायची रेघ

सोमवार, ४ तारीख

पोहोचलो, आणि खोली मिळाली! वरच्या मजल्यावर, माझी एकट्याची. खिडकीला लागून टेबल आहे. तिथे बसलं की अंगण, फाटक आणि त्यापलीकडे रस्त्याचं वळण दिसतं. पलंग एवढा रुंद आहे की भिंगरी आली तरी जागा उरेल. भिंगरी म्हणजे माझी धाकटी बहीण. पाय जमिनीला ठरत नाहीत म्हणून हे नाव पडलं. सध्या ती मावशीकडे भांडी घासते आणि वर बोलणी खाते. काम पक्कं झालं की तिला इथे आणायचं. मी आलो तो त्यासाठीच.

खाली कारखाना आहे. इथे काच फुंकत नाहीत. रंगीत काचेचे तुकडे कापून एकमेकांवर रचतात आणि विजेच्या भट्टीत वितळवून त्यांचा एकच पत्रा करतात. मग तो पत्रा साच्यावर ठेवून पुन्हा तापवतात. काच मऊ होते आणि आपल्याच वजनाने हळूहळू साच्यात बसते. ताटं, वाडगे, दिव्यांच्या छत्र्या असं सगळं होतं. भट्ट्या दोन आहेत. एक पेटीएवढी आणि एक माणूस आडवा मावेल एवढी.

घरात तिघं जण. मालक जेवायला बसतात तेही ताटाशी वैर असल्यासारखे. त्यांचं नाक केव्हातरी मोडलेलं आहे. त्यांच्या भावाला सगळे धाकटे म्हणतात. त्यांच्या एका कानाची पाळी अर्धीच आहे. नाक धाकट्यांनी मोडलं आणि कान मालकांनी चावला, असं मालकांच्या बायकोने मला भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मी त्यांना काकू म्हणतो. त्या मला बाळा म्हणतात. मला असं कुणी म्हणून फार वर्षं झाली.

मी रोजनिशी लिहितो हे कळल्यावर धाकट्यांनी माझं नाव पंतोजी ठेवलं. शाळा सातवीतच सुटली हे मी बोललो नाही.

मंगळवार, ५ तारीख

आज काच कापायला शिकलो. काकू म्हणाल्या की पहिली गोष्ट ध्यानात ठेव, काच कापत नसतात, मोडतात. कटर म्हणजे टोकाला बारीक चाक असलेली लेखणी. ती रॉकेलमध्ये बुडवायची आणि काचेवर एकच रेघ ओढायची. जोर हाताने नाही, कानाने मोजायचा. कापड फाटल्यासारखा बारीक आवाज आला की रेघ बरोबर. त्याच रेघेवरून पुन्हा फिरायचं नाही. मग कटरच्या दुसऱ्या, पितळी टोकाने रेघेच्या बरोबर खालून टक टक करायचं. रेघ धावते आणि काच सांगितल्या जागी दुभंगते.

रेघ ओढलेली काच अखंड दिसते. उचला, ठेवा, काही होत नाही. एक धक्का लागला की संपलं.

माझी रेघ दर वेळी वाकडी गेली. धाकटे म्हणाले, पंतोजींचं अक्षर कागदावरच मोत्यांसारखं. काकूंची रेघ मात्र पाहत राहावी अशी. मनगट हलत नाही, श्वासही नाही.

अंगठा कापला. रक्ताचा थेंब पांढऱ्या काचेच्या पट्टीवर पडला. मी पुसायला गेलो, तर काकूंनी हात धरला. ती पट्टी त्यांनी तशीच लहान भट्टीत ठेवली.

गुरुवार, ७ तारीख

सगळ्या काचा एकमेकींशी जुळत नाहीत. प्रत्येकीची फुगण्याची आणि आकसण्याची चाल वेगळी. न जुळणाऱ्या दोन काचा भट्टीत एक झाल्या तरी ताण आत राहतो. वरून सुंदर दिसतं आणि चार दिवसांनी शेल्फवर बसल्या बसल्या फुटतं. म्हणून परीक्षा करतात. पट्टीवर तुकडा वितळवून दोन काळसर पोलराइड फिल्म्सच्या मधे उजेडासमोर धरायचा. तुकड्याभोवती उजेडाचं कडं दिसलं तर ताण आहे, काळोख दिसला तर जुळलं.

काकूंनी माझ्या थेंबाची पट्टी धरून पाहिली. जळून तपकिरी डाग उरला होता. भोवती काळोख. त्या एवढ्या खूश झाल्या की त्यांनी माझे गाल कुस्करले आणि म्हणाल्या, तू आमच्यातलाच. मग दोन जुन्या पट्ट्या दाखवल्या. त्यांवरही तसेच डाग होते आणि दोन्हींभोवती पांढरं कडं झगझगत होतं. हे दोघे भाऊ, म्हणाल्या. सबंध आहेत तोवर एकमेकांना फोडतच राहणार. बारीक करून पुरेसं वितळवलं तर होतीलही एक.

मला गंमत वाटली. कारागीर बाई, काचेतच बोलणार.

भिंगरीबद्दल त्यांनी आपणहून विचारलं. उंची किती, अंगाने कशी. मग स्वतः मावशीला फोन करून तिला बोलावलं. १७ला, रविवारी सकाळी पोचेल. मी त्यांच्या पाया पडलो.

रविवार, १० तारीख

भट्टी पुरती निवल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, हा इथला पहिला नियम. धाकट्यांनी उघडलं. गार हवा लागली आणि आतलं मोठं ताट बंदुकीसारखा आवाज करून तडकलं.

मालकांनी भट्टीची सळई उचलली आणि धाकट्यांच्या पाठीत घातली. धाकट्यांनी काचेचा पत्रा उभा फेकला. मालकांच्या दंडातून मांसाचा पापुद्रा लोंबायला लागला. ते थांबले नाहीत. एकाचं डोकं दुसऱ्याने टेबलाच्या कडेवर आपटलं. मी भिंतीला पाठ लावून उभा होतो.

काकू केरसुणी घेऊन आल्या. भांडणाऱ्या दोघांच्या पायांमधून वाकून त्यांनी काचा गोळा केल्या. रंगारंगाच्या वेगळ्या बरण्यांत भरल्या. रक्त लागलेल्या एका बरणीत.

मंगळवार, १२ तारीख

जसं घडलं तसं लिहितो.

सकाळी धाकट्यांच्या मनगटाभोवती बारीक रेघ होती. केसाएवढी, रक्त नाही. ते म्हणाले, दोरा गुंडाळून झोपलो असेन. त्यांच्या अंगाला रॉकेलचा वास येत होता. जेवताना मालकांनी ताटाचा विषय काढला. धाकटे म्हणाले की एका ताटासाठी सख्ख्या भावाला मारणारा तू माणूस की कसाई, आणि त्यांनी टेबलावर मूठ आपटली.

मूठ टेबलावरच राहिली. हात वर आला.

रक्त लगेच आलं नाही. तुटलेला भाग गुळगुळीत होता, चकाकत होता, आणि त्यावर फुटलेल्या काचेच्या कडेवर असतात तशा लाटा होत्या. धाकटे बघत राहिले. मग रक्त आलं, छतापर्यंत. ते उठले, खुर्चीला अडखळून पडले, आणि पडताना गुडघ्यांत आणि कमरेत मोडले. तिथेही रेघा असणार. कपड्यांखाली कुणी पाहिल्या होत्या?

काकूंनी मला वर पाठवलं. नंतर येऊन म्हणाल्या, पत्रा अंगावर पडला, दवाखान्यात पोचवलं. गाडी दिवसभर अंगणातच उभी होती.

मी विश्वास ठेवायचं ठरवलं. भिंगरी येणार आहे.

गुरुवार, १४ तारीख

मालक दोन दिवस एकाच खुर्चीत बसून होते. ताठ. ओठ न हलवता त्यांनी मला सांगितलं की दार हळू लाव. कपाळापासून बेंबीपर्यंत रेघ होती. आपण झोपलो कसे हेच कळत नाही, म्हणाले. तू पळ, असंही म्हणाले.

तेवढ्यात काकू आल्या. समोर बसून भाजी निवडू लागल्या. सहज म्हणाल्या, भावजींनी जन्मात कधी कामाला हात लावला नाही, शेवटी एकदाचा दिला.

मालक कधी हसत नाहीत. त्यांनी दात आवळले. डोळ्यांत पाणी आलं. नाकातून आवाज फुटला. आधी एक, मग आवरेना. हसत हसतच ते मधोमध दुभंगले. दोन्ही अर्धी खुर्चीच्या दोन बाजूंना पडली. एक अर्धं थोडा वेळ हसत होतं.

काकूंनी पदराने डोळे पुसले. त्याही हसत होत्या.

शुक्रवार, १५ तारीख

मावशीला फोन लावायचा होता. फोन काकूंच्या कमरेला. किल्ल्याही तिथेच. मी विचारलं तर म्हणाल्या, पोरगी केव्हाच निघाली, दोन गाड्या बदलून यायचं म्हणजे वेळ लागायचाच.

मग मला मोठ्या साच्यावर लेप लावायला बसवलं. काच चिकटू नये म्हणून साच्याला पांढरा लेप देतात. पहिला हात देताना बोटांना नाक लागलं, मोडलेलं. मग अर्ध्या पाळीचा कान. साचा म्हणजे एकमेकांना मिठी मारलेल्या माणसांचे खळगे आहेत. मधे काकू. त्यांच्या डाव्या हाताखाली एक हनुवटी, तिला खाच. माझ्या हनुवटीला आहे तशी. त्या खळग्याच्या कुशीत अजून एक. लहान. दोन वेण्या.

मी लेप पुरा केला. काकू मागे उभ्या होत्या.

पळालो तर भिंगरी थेट हिच्या हातात सापडेल. फाटकाला कुलूप आहे, भिंतीवर काचा रोवल्या आहेत. उद्या उजाडताच गादी भिंतीवर टाकून पलीकडे जायचं आणि वळणावर थांबायचं. आज झोपायचं नाही. दाराला पलंग लावला आहे.

शनिवार, १६ तारीख

झोपलो.

पलंग जागेवर आहे. दार बंद आहे. उशीला रॉकेलचा वास.

दोन्ही मनगटं. कोपर. गुडघे. गळ्याभोवती पुरी, मागे जाऊन जुळलेली. सरळ. कुठेही दोनदा फिरवलेली नाही.

इंचाइंचाने टेबलापर्यंत आलो. खुर्चीत बसायला सकाळ गेली. डाव्या हाताचं करंगळीचं बोट टेबलाला लागलं. ते खाली आहे. बघत नाही.

भिंत चढणं शक्य नाही. जिनाही नाही.

काकू येऊन गेल्या. केसांवरून हात फिरवला, अगदी हलका. म्हणाल्या, बाळा, भट्टीत काचेवरचा ओरखडा भरून येतो, तू शिकलास ना? साच्यात निजलास की रेघाही भरतील. दुखणार नाही, मोठी भट्टी हळू तापते. बहीण आली की दोघं मिळून निजा.

भरून येतो हे खरं आहे. मी स्वतः पाहिलं आहे. सारखं तेच मनात येतं—

नाही.

रविवार, १७ तारीख

रात्रभर शिंकलो नाही. खोकलो नाही. ऊन चढलं आहे. खाली मोठी भट्टी गुणगुणते आहे.

फाटक उघडं. काकूंनी उघडलं. अंगण झाडून ठेवलं आहे.

हात हलला तर मनगट— म्हणून फक्त बोटांनी लिहितो.

वळणावर कुणी

तीच. निळी पिशवी. उड्या मारत येते आहे. वेण्या.

काकू अंगणात नाहीत. जिन्यावर आहेत. कठड्याला कटरचं पितळी टोक— टक. टक. थांबून पुन्हा. माझ्या खोलीकडे.

खिडकी उघडी आहे. ती फाटकाशी पोचली. वर बघत नाही, पाटी वाचते आहे.

ओरडलो तर रेघ गळ्यातून धावेल. एक हाक म्हणजेच धक्का. एकच शब्द जाईल, जास्त नाही. कोणता ते ठरवलं आहे. ती माझं ऐकत नाही, पण पळायला सांगितलं की कारण विचारत नाही, लहानपणापासून.

टक. दाराशी.

तिने एक पाय आत टाकला.

श्वास भरून घेतो. पळ