उरलेला तांदूळ

७ जुलै, सोमवार
नववी ब. पुरात शाळेत अडकलेल्या मुलांची गोष्ट घेतली. पहिल्या दिवशी मुलं तांदूळ वाटून खातात, चौथ्या दिवशी त्यातल्याच एकीला पाण्यात ढकलतात. विचारलं, इतकी चांगली मुलं रानटी का झाली? मनस्वीचा हात लगेच वर — "मॅडम, भूक! भुकेने माणूस जनावर होतो." मी फळ्यावर लिहिलंसुद्धा.
मागच्या बाकावरून रुतिका, एकदम हळू — "पण मॅडम, तांदूळ उरला होता ना?"
पुस्तक परत उघडलं. खरंच! शेवटच्या पानावर अर्धं पोतं आहे. बारा वर्षं ही गोष्ट शिकवतेय, मला दिसलं नव्हतं.

९ जुलै
या गोष्टीचं नाटक बसवायचं. ढकलल्या जाणाऱ्या मुलीचं काम कोण करणार? सगळा वर्ग एका आवाजात — "रुतिका!" मला वाटलं, हुशार म्हणून.

११ जुलै
पहिली तालीम. काय रंगली! सगळ्या तिच्याभोवती गोल फिरतायत, ओरडतायत — "जा! जा!" अंगावर काटा आला. रुतिका खरंखुरं रडली. मी टाळ्या वाजवल्या.

१४ जुलै
रुतिका आली नाही.

१५ जुलै
तिची आई आली होती. बायजाताई. शिरवण्याच्या बाजारात मासळी विकतात. आत या म्हटलं तरी स्टाफरूमच्या दारातच उभ्या. "बाई, ती गोष्टच व्हती ना? मंग माझ्या पोरीचे डोले का सुजले?"
मग कळलं. शुक्रवारी तालमीनंतर मुलींनी तिला बाथरूममध्ये कोंडून तोंडावर डिओ मारला. मासळीचा वास येतो म्हणे! जूनपासून तिला कोणी शेजारी बसू देत नव्हतं. ते "जा, जा" नाटकातलं नव्हतंच. रोजचंच होतं. मी फक्त त्याला स्टेज दिलं.

१६ जुलै
मनस्वीला बोलावलं. रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. "सगळ्याच करत होत्या, मॅडम. आणि तुम्हाला तर आवडलं होतं."
दोन वेण्या, हातावर पेनाने काढलेली फुलं. केवढीशी पोर! पोट भरलेलं, डबा भरलेला.
नाटक रद्द. मोठ्या बाई म्हणतात, "मुलं आहेत, टेन्शन घेऊ नका."

१८ जुलै
बायजाताई दाखला घेऊन गेल्या. रुतिका गेटबाहेर उभी होती. डोळे अजून लाल. मी माफी मागितली. कशी मागितली, आठवत नाही. ती म्हणाली, "मॅडम, मला वाटतं त्या मुलीला पोहता येत होतं. पण ती परत नाय आली."

२१ जुलै
आज वर्गात सांगून टाकलं — माझी आई मोरा बंदराच्या धक्क्यावर मासळी विकायची. एकोणीस वर्षं या शाळेत कुणाला कळू दिलं नाही. या वहीलासुद्धा!
रुतिकाला तेवढं सांगायचं राहिलं.