हमखास कसा, ते ताईला विचारणे

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझी तब्येत बरी असेल, भावोजींचा गुडघा जिने चढू लागला असेल आणि तुझ्या प्रयोगशाळेतल्या पेशी वेळच्या वेळी खातपीत असतील, अशी आशा करतो. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. ठीक काहीही नाही. वहिनींची कंबर धरली आहे, दुकानाचं शटर अर्ध्यात अडकतं (त्यामुळे गिऱ्हाईक वाकून आत येतं आणि आल्याआल्याच चिडलेलं असतं), आणि दादा आहे तसाच आहे. दोन महिने पत्र का नाही, असं तू विचारलंस. कारण असं की तुझं नाव इथे चारचौघांत झालं आहे, आणि ते कसं झालं हे कोणत्या तोंडाने सांगावं, हे मला सुचत नव्हतं.

तुला अर्धंअधिक माहीत आहे, पण पहिल्यापासून सुरुवात केल्याशिवाय मला शेवट सापडत नाही हे तू लहानपणापासून सोसत आली आहेस. दोन वर्षांपूर्वी औषधाच्या दुकानाची पाटी रंगवताना दादा शिडीवरून पडला, डोक्यात रक्त साकळलं, शस्त्रक्रिया झाली आणि पाचव्या आठवड्यात तो घरी आला. चालत आला, बोलत आला, भाजीत मीठ कमी आहे हेही त्याने वहिनींना सांगितलं. आम्ही म्हटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने वर्तमानपत्र उघडलं आणि पेपरवाल्याला हाक मारून झापलं, की असल्या परक्या लिपीतला पेपर आमच्याकडे का टाकलास. (तो बिचारा माफी मागून दुसरा पेपर देऊन गेला. तोही परक्या लिपीतला निघाला.) मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं, की वाचण्याची वाट तुटली आहे, लिहिण्याची शाबूत आहे. म्हणजे दादाला लिहिता येतं, पण लिहिलेलं वाचता येत नाही, स्वतःचंसुद्धा. रंगांची नावंही गेली. रंग दिसतात, जुळवता येतात, पण तो ‘हिरवा दे’ म्हणतो आणि मी हिरवा दिला की मला वेड लागल्यासारखा माझ्याकडे बघतो. आता मी सगळे डबे समोर मांडतो आणि तो बोट दाखवतो. तीस वर्षं ज्याने या शहरातल्या निम्म्या दारांवर नावं रंगवली, त्याला आपल्या दारावरचं नाव वाचता येत नाही.

आमची कामाची रीत तुला ठाऊक आहे. गिऱ्हाईक बोलतं, मी खाकी कागदावर पाटीचा कच्चा आराखडा काढतो, बाजूला सूचना लिहितो (‘हे ठळक’, ‘इथे जागा सोड’), आणि दादा रंगवतो. पूर्वी तो सूचना वाचायचा. आता त्याला कागदावर जे काही आहे ते सगळं चित्र आहे, आणि चित्र तो जसंच्या तसं उतरवतो. त्यामुळे एका वकिलांच्या पाटीवर नावाखाली ‘घाई नाही, पुढच्या महिन्यात दिलं तरी चालेल’ असं गेलं. (वकील म्हणाले, राहू द्या, खोटं काही नाही.) तेव्हापासून दोन नियम केले. एक, दादाच्या हातात फक्त पाटीचा मजकूर असलेला स्वच्छ कागद द्यायचा, वर सूचना म्हणून नाही. दोन, दुकानातून बाहेर पडणारी प्रत्येक पाटी मी आधी वाचायची. पुढे जे झालं ते या दोन्ही नियमांचं एकाच आठवड्यात काय झालं, त्याची हकीकत आहे.

मूळपेशींचं वेड मला लावलंस तूच. तू लिहिलंस, की अशी एक पेशी असते जिचं अजून काही ठरलेलं नसतं. ती हाडाची होऊ शकते, स्नायूची होऊ शकते, मेंदूची होऊ शकते. (हे वाचून मला आपले मामा आठवले. साठीपर्यंत त्यांचंही काही ठरलेलं नव्हतं. पण ते शेवटपर्यंत कशाचेच झाले नाहीत, तेव्हा ही उपमा तुझ्या साहेबांना सांगू नकोस.) मग मी कात्रणं कापू लागलो. आता न्हाव्याच्या दुकानात माझा नंबर आला की लोक नंबर सोडून जातात, इतकं मी त्या पेशीबद्दल बोललो आहे. तुझ्या उंदरांची गोष्ट मी घरात मोठ्याने वाचली. डोक्याला मार बसलेल्या उंदरांना पेशी दिल्या आणि ते पाण्याखाली दडवलेला चौथरा इतर जखमी उंदरांपेक्षा लवकर शोधू लागले. वहिनींनी विचारलं, त्यांना मारलं कोणी. दादा म्हणाला, “आधी त्यांना वाचता येत होतं का?”

मग तुझं ते दुसरं पत्र आलं. माणसांवरचे प्रयोग अजून पहिल्याच पायऱ्यांवर आहेत, अपाय होतो का एवढंच आधी तपासतात, नव्या पेशी मेंदूच्या जागी बसतात की जुन्यांची नुसती शुश्रूषा करतात हेही नीट कळलेलं नाही, आणि जो फायदा दिसतो तो बहुतेक ताज्या जखमेत. दोन वर्षांच्या जुन्या जखमेबद्दल बोलायला कोणी तयार नाही. किती वर्षं लागतील, असं मी विचारलं, तर तू लिहिलंस, ‘सांगता येत नाही’, आणि त्याखाली रेघ मारलीस. तुझं म्हणणं खरं असणार, तू कधी खोटं बोलली नाहीस. पण ती रेघ मारायची काही गरज नव्हती, ताई.

अशा मनःस्थितीत मी एका नव्या उपचारकेंद्राची पायरी चढलो. बाहेर काच, आत काच, मध्ये शोभेचं कारंजं. तिथल्या मुख्य गृहस्थांचं नाव मी घेत नाही, आम्ही घरात त्यांना हमखासराव म्हणतो, कारण त्यांच्या प्रत्येक वाक्यात तो शब्द असतो. ते कमरेच्या हाडातून पेशी काढतात, पाठीच्या कण्यात सोडतात आणि मग पेशींना पत्ता आपोआप सापडतो. गुडघा, टक्कल आणि मेंदू, तिन्हींवर हाच इलाज. मी विचारलं, की टकलासाठी सोडलेली आणि मेंदूसाठी सोडलेली, दोन्ही पेशी डोक्याकडेच निघणार, मग कवटीच्या आत थांबायचं की बाहेर, हे त्यांना कोण सांगणार. ते म्हणाले, तुम्ही फार विचार करता. आजवर जे बरे झाले त्यांची माहिती कुठे छापली आहे का, असंही विचारलं. ते म्हणाले, छापायला वेळ कुणाला आहे, रुग्ण थांबलेत. मला सगळं कळत होतं. तुझ्या पत्रातली अक्षरन् अक्षर आठवत होती. आणि तरी मी हो म्हणालो. दोन वर्षांत ‘होईल’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकत होतो, आणि तो ऐकायला मी तिथे रोजसुद्धा गेलो असतो.

तारीख ठरली. निघताना हमखासरावांना कळलं की दादा पाट्या रंगवतो, तेव्हा त्यांनी नव्या पाटीचं काम तिथल्या तिथे आम्हाला दिलं. मी काउंटरवर उभ्याउभ्या कच्चा कागद लिहिला: ‘मेंदूच्या दुखापतीवर मूळपेशींचा हमखास इलाज’. आणि खाली, सवयीने, स्वतःसाठी: ‘हमखास कसा, ते ताईला विचारणे. ती नाही म्हणेल. तरी विचारणे.’ घरी जाऊन स्वच्छ कागद करू म्हणून तो खिशात ठेवला आणि त्याच संध्याकाळी मला ताप भरला. तीन दिवस मी शुद्धीत होतो असं कोणी म्हणू शकणार नाही. आपल्या धाकट्याचा भार हलका करावा म्हणून दादाने माझ्या सदऱ्याच्या खिशातून कागद काढला आणि पाटी रंगवली. सगळी. हातभर उंचीची अक्षरं, निळा रंग, सोनेरी किनार, मागे सावली. पाटी न्यायला केंद्राची माणसं आली तेव्हा ती वहिनींनी सोपवली. देताना त्यांनी वाचली होती. त्यांना वाटलं, हल्ली जाहिराती अशाच असतात.

पाटी चार दिवस दारावर होती. स्वतःच्या दारावरची पाटी कोणी वाचत नाही, आणि हमखासरावांची गाडी तर मागच्या फाटकाने आत जाते. पण येणारे रुग्ण वाचत होते. ते आत जाऊन विचारू लागले, ताई कधी बसतात. काउंटरवरच्या मुलीला वाटलं कोणी नवीन डॉक्टर आल्या असतील, तिने सांगितलं ताई रजेवर आहेत. मग डोक्याला मार लागलेल्या एका मुलीचे वडील म्हणाले, आम्ही ताई आल्यावरच येऊ. असं म्हणून बरेच जण परत गेले. (म्हणजे तू इथे न येता, एकही पैसा न घेता, चार दिवस उत्तम दवाखाना चालवलास. मला वाटतं त्या केंद्रात एवढा चांगला सल्ला त्याआधी कोणी दिला नव्हता.) पाचव्या दिवशी आम्हाला बोलावणं आलं. मी अंगात कणकण असताना दादाला घेऊन गेलो. हमखासराव ओरडत होते, दादा पाटीखाली मान वर करून उभा होता, आणि त्याने मला हळूच विचारलं, “अक्षरं कशी आलीत?” मी म्हटलं, आजवरची सगळ्यात चांगली. ते खरं होतं.

उपचार अर्थातच रद्द झाला. परत येताना दादाने खोदूनखोदून विचारलं, तेव्हा पाटीवर काय लिहिलं होतं ते मी सांगितलं. तो एवढा हसला की त्याला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसावं लागलं. अपघातानंतर तो असा हसलेला मी पाहिला नव्हता. मला हसू आलं नाही. एकच दार होतं, खोटं का असेना, तेही मीच माझ्या हस्ताक्षरात बंद केलं. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. बाराखडी पत्र्याच्या तुकड्यांवर रंगवून घेतली आहे, रोज सकाळी ती दादापुढे मांडतो, तो एकेक तुकडा हातात घेऊन बघतो आणि खाली ठेवतो. सव्वा महिना हेच चाललं. मी तुला हे पत्र लिहिणारच नव्हतो. पण मागच्या मंगळवारी त्याने एक तुकडा उचलला, थांबला आणि म्हणाला, हे ओळखीचं वाटतंय. तो ळ होता. (आख्ख्या मुळाक्षरांतलं हे एक अक्षर, आणि त्याने एक शब्दही सुरू होत नाही. आमचं नशीब बघ.) मी बाहेर जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडलो.

भावोजींना नमस्कार. माझ्यावर रागवायचं असेल तर रागव, पण त्यासाठी तरी लवकर लिही.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र संपवलं खरं, पण ज्याच्यासाठी लिहिलं ते राहिलंच. त्या मंगळवारनंतर मी दादाची दहा वेळा परीक्षा घेतली. वहिनींनी तुकडे पिसले, मी पाठ फिरवून उभा राहिलो, आणि दहाच्या दहा वेळा त्याने ळ बरोबर उचलला. हे तुझ्या साहेबांना सांग. हा मेंदू अजून धडपडतो आहे, त्याला थोडा हात दिला तर वाट सापडेल, असं सांग. तुमच्याकडे माणसांवरचा प्रयोग सुरू होईल तेव्हा पहिल्या यादीत दादाचं नाव घाल. जखम जुनी म्हणून घेत नसतील तर मी स्वतः येऊन साहेबांच्या दारात बसतो. माझी दुसरी काहीही मागणी नाही.

आणखी एक. दादाला खाली दोन ओळी लिहायच्या आहेत. मी वाचायच्या नाहीत असं त्याने माझ्याकडून कबूल करून घेतलं आहे, पाकीटही तोच चिकटवणार आहे. (डिंक कोणता आणि पांढरा रंग कोणता, ते दाखवून ठेवलं आहे.)

ताई, आता मी लिहितोय. तो पाठ करून उभा आहे. मला ळ येत नाही. त्या पत्र्याचा एक कोपरा वाकलेला आहे, बोटाला लागतो. रोज सकाळी तो तुकडे मांडून माझ्या तोंडाकडे बघत बसायचा, नीट जेवायचा नाही, दुकानात उभा राहायचा नाही. एक दिवस मला ते बघवेना, म्हणून म्हटलं ओळखीचं वाटतंय. आता मागे घेता येत नाही. माझं बरं चाललंय. हात चालतो, पेपर ही वाचून दाखवते. तो मात्र खंगत चाललाय. त्याला महिनाभर तुझ्याकडे बोलावून घे. विश्रांतीला ये म्हणालीस तर येणार नाही. माझ्यासाठी साहेबांना भेटायचंय म्हण, लगेच निघेल. आला की आधी झोपू दे. मग पेशींचं खरं काय ते समोर बसवून सांग, रेघ न मारता. हे लिहिलेलं मला परत वाचता येणार नाही, चुकलं असेल तर सुधारून घे. पत्र्याचं त्याला सांगू नकोस. तुमची पेशी यायची तेव्हा येऊ दे. तोवर मला ळ येतो.