भिंतीत जाणारं दार

नाना,

आई तुमच्याकडे यायला निघाली आहे. डॉक्टरांनी तसं तोंडाने सांगितलं नाही. त्यांनी सुया बंद केल्या आणि बाहेर पडताना "मागतील ते खायला देत जा" एवढंच म्हणाले. ती तिथे पोचली की तुम्हाला दाराची गोष्ट सांगणारच. ती तिच्या बाजूने सांगेल आणि त्यात खोटं काही नसेल. तरी ती तुम्हाला आधी मुलाकडून कळावी असं मला वाटतं, म्हणून छापखान्यातले वाया गेलेले कागद आणून त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहितो आहे. तुम्हाला आठवत असेन तो मी शाळेतला. तुमच्यामागे शाळा सुटली. आता मी टाइप जुळवतो. माझ्या हातून काना-वेलांटी सुटत नाही म्हणून मालक मला ठेवून आहेत. संस्थान गेलं, मध्यभारत झाला, जुळवायचं काम आता बहुतेक हिंदीत असतं. पण खोली तीच आहे, मल्हारगंजातली, आणि आजारही तोच आहे, क्षय. तुमचा होता तो. आता आईला झाला आहे, आणि त्याच खोलीत माझी बायको आहे आणि नुकती धावायला लागलेली मुलगी आहे.

खोली तुम्हाला सांगायला नको. लांबट, पुढे चूल, मागे एकच खिडकी, खिडकीखाली तुमची खाट. मधे आईने तिचं जुनं लुगडं दोरीवर टाकलं होतं आणि मला त्याच्या पलीकडे यायची बंदी होती. दिवसा खिडकीचा उजेड तुमच्यामागून यायचा आणि लुगड्यावर तुमची सावली पडायची, उठून बसलेली, वाकलेली, खोकताना मधेच दुमडणारी. मी अलीकडे बसून पाढे म्हणतो आहे, आणि चुकलो की पलीकडून तुम्ही म्हणता, "परत." एक दिवस लुगड्याखालून तुमचा पितळी ओळंबा घरंगळत माझ्याकडे आला. भिंत सरळ उभी आहे की नाही बघायला तुम्ही दोरीला बांधून सोडायचात, तो. मी हात पुढे केला तशी आई चुलीपासून ओरडली, "हात लावू नकोस!" तिने तो चिमट्याने उचलला, पातेल्यात टाकला आणि पाणी आटत येईपर्यंत उकळला. मग माझ्या हातात दिला. पलीकडे तुम्ही हसत होतात. मग हसण्याचा खोकला झाला. तुमच्या हातून मला मिळालेली ती शेवटची वस्तू.

पण दाराची गोष्ट त्याच्याही आधीची आहे. तुम्ही तेव्हा संस्थानच्या बांधकाम खात्यात मिस्त्री होतात आणि चांगले धडधाकट होतात. महूच्या पुढे, मानपूरच्या वाटेवर एका साहेबाच्या बंगल्यात दार अडकलं म्हणून तुम्हाला बोलावणं आलं आणि तुम्ही मला बरोबर घेतलंत. मी असलं दार पहिल्यांदाच बघत होतो. तुम्ही काम संपवून ते एका बोटाने ढकललंत आणि ते भिंतीत गेलं. मी विचारलं, "कुठे गेलं?" तुम्ही म्हणालात, "भिंतीच्या पोटात." मग मला खांद्यावर चढवून वरचा रूळ दाखवलात. दाराचं सगळं ओझं वरच्या चाकांवर असतं, खाली फक्त एक ठोकळा असतो, दाराने वाट सोडू नये म्हणून. त्या संध्याकाळी जेवताना तुम्ही आईला सगळी हकीकत सांगितलीत. साहेबाच्या नव्या नोकराने हरणाचं मुंडकं टांगायला त्या भिंतीत खिळा ठोकला, खिळा फळीतून आरपार जाऊन आतल्या दाराला बसला, आणि दार होतं न्हाणीघराचं. साहेब उघड्या दाराने अंघोळ करतो आहे आणि सगळे नोकर अंगणात तोंड फिरवून उभे आहेत, हे तुम्ही पाटावरून उठून करून दाखवलंत. आई तोंडाला पदर लावून इतकी हसली की आमटी करपली. मग तुम्ही गंभीर होऊन माझ्याकडे बघून म्हणालात, "असल्या भिंतीला खिळा मारायचा नाही. ती भिंत नसते, पिशवी असते."

हे सगळं मी इतकं सांगतो, कारण आईला ते माहीत होतं. तिला पहिल्यापासून माहीत होतं.

आई अंथरुणाला पडली तेव्हा आधी आम्हीही पडदाच लावला. दवाखान्यात खाट रिकामी नव्हती. पण मी तुमच्या धाकात होतो, ही पोर कुणाच्याच धाकात नाही. ती पडद्याखालून सरपटत जायची आणि आजीच्या खाटेखाली जाऊन बसायची. दोनदा मी तिला आईच्या थुंकीच्या भांड्यापाशी धरलं. साधं दार बसवावं तर आत उघडलं की खाटेला लागत होतं, बाहेर उघडलं की चुलीला. तेव्हा मला तो बंगला आठवला. जुन्या लोखंडाच्या दुकानात मला रूळ आणि चाकं मिळाली, कुठल्या तरी पाडलेल्या बंगल्यातली. दुकानदाराने चाकं हातात घेऊन फिरवली आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "भिया, ये तो बंगलेवालों की चीज हे, तुम कां टांगोगे?" मी म्हटलं, घर में. "घर में तो पर्दा टांगो." मी म्हटलं, पर्दा हो गया.

हत्यारं तुमचीच, करवत, रंधा, पटाशी, हाताने फिरवायचं गिरमिट. छापखान्याला सुट्टी असेल त्या दिवशी मी काम करायचो. दोन बाजूंनी पातळ फळ्या आणि मधे दार जाईल एवढी पोकळी, अशी ती भिंत केली. रूळ जरा जरी कलला तर दार आपोआप घरंगळत जातं, म्हणून तुमचा ओळंबा आणि काटकोन बघायचा गुण्या लावून तो इतक्या वेळा तपासला की बायको म्हणाली, "अहो, आता तो रूळ लाजायला लागलाय." फळ्यांना लावलेल्या प्रत्येक स्क्रूचं टोक आत हात घालून चाचपलं आणि जिथे टोचलं तिथे कानशीने घासलं. छापखान्यातला जोडीदार रोज विचारायचा, "क्यों भिया, दरवाजा बन रिया हे के फर्मा कस रिये हो?" फर्मा म्हणजे जुळवलेला टाइप आवळून बसवायची चौकट. तुम्ही मला म्हणायचात, "तू मोजतोस चांगलं, पण कापायची वेळ आली की परत मोजतोस." या वेळी मी कापलंही, नाना. मूठ लावली तर दार भिंतीत जाणार नाही, म्हणून कडेला बोटं रुततील अशी खोबण कोरली. छापखान्याच्या यंत्राचं तेल आणून चाकांना घातलं. दार असं झालं की ढकललं की गेलं, ओढलं की आलं, आणि आवाज म्हणून नाही. बायको कितीतरी वेळ ते सरकवून बघत होती. आई खाटेवरून म्हणाली, "छान झालं रे. अगदी त्यांच्यासारखं."

मी सगळं मोजलं होतं. ती खोबण मात्र माझ्या बोटांच्या मापाने कोरली होती. आईच्या बोटांत तेवढा जोर उरला नव्हता. एकदा दार लावलं की तिला ते आतून उघडता येत नव्हतं, आणि हे तिने आम्हाला सांगितलं नाही. दुपारी बायको तिचं ताट घेऊन जायची, ते ठेवून हात धुऊन बाहेर यायची, दार लावायची. संध्याकाळी मी जायचो. मधल्या वेळात पोर अलीकडून दारावर थापट्या मारायची आणि आई काही बोलायची नाही. मला वाटायचं, झोपली असेल.

तुमचा फोटो मी भिंतीचं काम काढलं तेव्हा उतरवून ठेवला होता. तो मागच्या विटांच्या भिंतीवर लावायचा होता, पण तिथला गिलावा पोकळ वाजतो. खिळा मारला आणि ढपला निघाला तर घरमालक काय म्हणेल, या विचारात मी रोज उद्यावर टाकत राहिलो. फोटो आईच्या खिडकीतच होता, त्याचा जुना खिळा त्याच्या मागच्या तारेला अडकवलेला. एका सकाळी मी छापखान्यात गेलो. बायको नळावर गेली, पोरीला कडेवर घेऊन, आणि जाताना तिने दार उघडं ठेवलं होतं, आईला जरा वारा लागावा म्हणून. परत आली तर तुम्ही नव्या भिंतीवर होतात, खाटेच्या बरोबर समोर. खाली जमिनीवर खलातला बत्ता पडला होता, आईच्या मात्रा घोटायचा. बायकोने दार ओढून बघितलं. दार जागचं हललं नाही.

मी संध्याकाळी आलो तेव्हा बायकोने बोचकं बांधून ठेवलं होतं. ती आईला एका शब्दाने बोलली नव्हती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "आज तीनदा मी पोरीला आतून उचलून आणलं. सासूबाईंचं मी सगळं करते, करीन. पण दार लागणार नसेल तर मी हिला घेऊन सिमरोलला भावाकडे जाते. तुम्ही रागवा नाहीतर काही करा." मी रागावलो नाही. ती गेली असती तर आईचं करायला दिवसभर कोण होतं? आणि ती राहिली असती तर पोर आत जाणारच होती. मी फोटो उतरवला आणि खिळ्याकडे बघत उभा राहिलो. तो थोडा वाकडा गेला होता. माथ्याभोवती फळीवर बत्त्याचे कितीतरी व्रण होते. इतके घाव घालायला तिला किती दमावं लागलं असेल, आणि मधे मधे ती खाटेवर टेकली असेल.

मी विचारलं, "आई, हे कोणी केलं?"

"मी. त्यांचा फोटो नको का कुठे?"

"तुला माहीत होतं या भिंतीला खिळा चालत नाही."

"साहेबाच्या न्हाणीघराचं ना?" ती हसली. किती दिवसांनी हसली असेल. मग तिला दम लागला आणि मी वाट बघत राहिलो. "लुगडं होतं तेव्हा त्यांना आपला आवाज तरी यायचा रे. माझ्या बांगड्या वाजल्या की म्हणायचे, भात झाला वाटतं. तू पाढा चुकलास की कळायचं त्यांना. तू असं दार केलंयस की काहीच कळत नाही. कोण आलं, कोण गेलं. मी आहे की गेले, ते पण नाही."

मी म्हटलं, "आई, पोर लहान आहे."

ती बराच वेळ तुमचा फोटो घेतलेल्या माझ्या हाताकडे बघत होती. मग म्हणाली, "तू पण लहानच होतास. मीच टाकलं होतं ना ते लुगडं." आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. "काढ," म्हणाली.

मी पकडीने खिळा काढला. निघताना तो किंचाळला. दार ओढलं तर आलं, पूर्वीसारखंच, आवाज न करता. दाराच्या पाठीवर एक भोक पडलं आहे, ते मी बुजवलेलं नाही. तुमचा फोटो मी त्याच दिवशी विटांच्या भिंतीवर लावला, ढपला पडला तर पडला, आणि पडलाही. खोबण मोठी करून दिली. पण आई आता उठत नाही, तेव्हा त्याचा उपयोग नाही. बायकोने बोचकं सोडलं. पोर दाराशी उभी राहून थापट्या मारते, मग खेळायला जाते.

हे पत्र आईबरोबरच पाठवता आलं असतं, तिच्या पदराला बांधून. पण ती वाटेतच म्हणेल, वाचून दाखव. तेव्हा ते माझ्याजवळच राहील.

एक गोष्ट घरात कोणाला सांगितलेली नाही. दुसऱ्या दिवशी बायको नळावर गेली तेव्हा मी चाकं उतरवली, चिंधीने तेल पुसून काढलं आणि रुळाला चुलीतली राख चोळली. आता दार जरा हललं तरी करकरतं. बायको म्हणते, अहो, तेल घाला ना, मी म्हणतो, चाकंच जुनी आहेत. दार वाजलं की आतून आई विचारते, "कोण?" आणि जो असेल तो म्हणतो, मी. कधी कधी काही काम नसताना मी दार बोटभर सरकवतो आणि परत लावतो, आणि "कोण?" येईपर्यंत तिथेच थांबतो. आज सकाळी मला ते दोनदा सरकवावं लागलं.